समोरच्याची मुलगी

बेकरीवाल्या काकांच्या पोटाखाली, उजव्या बाजूला, एक गोळा होता आणि तो नाहीच असं काकांचं ठाम मत होतं. मैद्याचं पोतं उचललं की गोळा बाहेर यायचा. काका आडवे झाले की मुकाट्याने आत जायचा. आत गेला की काका काकूंना म्हणायचे, "बघ, गेला. मी म्हटलं नव्हतं?" जणू त्याला त्यांनीच दम देऊन घालवलं होतं. काकूंनी सुरुवातीला समजावलं, मग रडून पाहिलं, मग अबोला धरला आणि शेवटी हात टेकले. अबोल्याचा तर काकांना उलट फायदाच झाला, कारण बेकरीतून आल्यावर त्यांना तसंही झोपायचंच असायचं.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी त्या गोळ्याचं नाव हर्निया असं सांगितलं होतं. आतड्याचा तुकडा पोटाच्या भिंतीतून डोकं बाहेर काढतो, एखाद्या दिवशी तिथेच अडकला तर धावाधाव होईल, त्यापेक्षा आत्ताच ऑपरेशन करून मोकळे व्हा, असंही सांगितलं होतं. काकांनी सगळं नीट ऐकून घेतलं, डॉक्टरांना गरम पाव पाठवून दिले आणि पुन्हा त्या दवाखान्याची पायरी चढले नाहीत.

काका घाबरत होते. हे इथेच सांगून टाकलेलं बरं, कारण ते स्वतः जन्मात कबूल करायचे नाहीत. आणि त्यांच्या घाबरण्याला कारण होतं. ते कारण म्हणजे समोरचा.

समोरचा म्हणजे समोरच्या बेकरीचा मालक. रस्ता इतका अरुंद की दोन्ही भट्ट्यांचा धूर मध्ये एक व्हायचा, मालक मात्र कधी एक झाले नाहीत. तीस वर्षांत काकांनी त्याचं नाव तोंडातून काढलं नाही. तोही काकांना 'समोरचा'च म्हणायचा, त्यामुळे गल्लीत नव्याने राहायला आलेल्या माणसाचा बराच गोंधळ व्हायचा. समोरच्याचा पाव म्हणजे निव्वळ कापूस, असं काका गिऱ्हाइकांना सांगत. काकांचा पाव फेकून मारला तर कुत्रं दगावेल, असं समोरचा सांगे. खमीर संपलं की मात्र दोघांच्या बायकांची वाटी मागच्या दाराने इकडून तिकडे जायची. हे दोन्ही नवऱ्यांना माहीत होतं, पण दोघांनीही कधी बघितलं नव्हतं. खरी चुरस पहाटेची. समोरचा बेकरीच्या माडीवरच राहायचा आणि काका मागच्या गल्लीतून चालत यायचे, तरी शटर आधी कोणाचं वर जातं यावर दोघांचा दिवस कसा जाणार हे ठरायचं.

मग काही वर्षांपूर्वी समोरचा पित्ताशयातले खडे काढून घ्यायला एका मोठ्या इस्पितळात गेला. साधं ऑपरेशन, दोन दिवसांत घरी, असं सगळे म्हणत होते. स्वतःच्या पायांनी चालत गेला आणि परत आला नाही. आता तिथे मोबाइलची कव्हरं विकणारं दुकान आहे आणि ते चांगलं उन्हं वर आल्यावर उघडतं. काका पहाटे शटर वर करतात तेव्हा समोर अंधार असतो. पाव मनासारखा उतरला की त्यांची मान आपोआप समोर वळायची, आणि मग ते उगीचच कामगारांवर खेकसायचे. काकांना त्याची फार आठवण यायची. भांडायला तेवढ्या तोलामोलाचा माणूस त्यांना पुन्हा मिळाला नाही.

तर 'साधं ऑपरेशन' हे दोन शब्द ऐकले की काकांच्या पोटात आणखी एक गोळा यायचा, आणि तो कुठल्याही डॉक्टरला दिसत नव्हता.

एका सकाळी पहिला गोळा आत जाईना. काका पोत्यांवर आडवे झाले, कुशीवर वळले, त्याला चार शिव्याही घालून पाहिल्या. बऱ्याच वेळाने गेला एकदाचा, पण तोवर काकांचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि तो मैद्यामुळे नव्हता. कामगारांनी काकूंना बोलावून आणलं होतं.  काकूंनी काकांच्या चपला आणून त्यांच्या पायांपुढे ठेवल्या. इतक्या वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याला एवढं पुरतं.

इस्पितळात सर्जनच्या खोलीबाहेर बाकावर बसल्या बसल्या काकांनी लघवीला जाऊन येतो म्हणून पळून जायचा विचार केला. काकू म्हणाल्या, "चला, मीही येते." तेवढ्यात आतून हाक आली. काका आत गेले, आणि टेबलामागे समोरच्याची मुलगी बसली होती.

काकांनी तिला ओळखलं ते भुवयांवरून. बापाच्याच होत्या, एकीकडची जरा वर चढलेली. ती शिकायला बाहेरगावी गेली, सर्जन झाली, हे ते ऐकून होते. पण त्यांच्या डोक्यात ती अजून दोन वेण्यांची आणि नाकाला पीठ लागलेलीच होती. शाळेतून येताना बापाचा डोळा चुकवून ती काकांच्या बेकरीत शिरायची आणि पोत्यांमागे बसून बिस्किटं खायची. समोरच्याच्या पोरीला स्वतःच्या बापाची बिस्किटं आवडत नाहीत! काका तिला मूठभर जास्तच द्यायचे. आयुष्यातला एवढा मोठा विजय कोणाला सांगता येत नाही, याची हळहळ त्यांनी कायम बाळगली.

"काका! या, बसा. कधीपासून आहे हा त्रास?"

काकांची पंचाईत झाली. 'तू' म्हणावं तर समोर डॉक्टर, 'तुम्ही' म्हणावं तर नाकाला पीठ. त्यांनी मधला मार्ग काढला. "इकडेच असणं होतं वाटतं हल्ली? आईची तब्येत बरी ना?" असं ते टेबलावरच्या पेनांना विचारावं तसं बोलू लागले.

"काका, तिथे झोपा. पायजमा थोडा खाली घ्या."

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी खिडकीकडे पाहिलं. मग काकांनी छतावरच्या पंख्याची पाती मोजली. ती तीनच निघाली, म्हणून पुन्हा पुन्हा मोजली. "आता खोका," असं ती म्हणाली तेव्हा ते परक्याच्या घरात खोकतात तसं हळूच खोकले.

"असं नाही. भट्टीचा धूर छातीत गेल्यावर कसं खोकता? तसं."

काका तसं खोकले आणि गोळा आज्ञाधारकपणे बाहेर आला.

तिने तारीख दिली. आदल्या रात्रीच्या जेवणानंतर पोटात काही जाता कामा नये, हे समजावून सांगितलं. बाहेर रांग लागली होती, नर्स पुढचं नाव पुकारत होती, तरी ती जरा थांबली आणि म्हणाली, "आणि काका, त्या दिवशी बेकरी बंद. तिकडे फिरकायचंसुद्धा नाही."

"हो हो," काका म्हणाले.

रस्त्यात त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. "बेकरी बंद! ऐकलंस ना? बापाला तीस वर्षांत जमलं नाही ते पोरगी एका वाक्यात करून दाखवणार."

"अहो, तब्येतीसाठी सांगितलं तिने."

"तब्येत माझी पोटात आहे, बेकरीत नाही. आणि मुळात डॉक्टर कसा, परका असावा. आपण सांगू ते ऐकून घेतो, लिहून घेतो, जास्त खोलात शिरत नाही. आपला माणूस डॉक्टर म्हणजे डोक्याला ताप. आपल्या माणसासमोर धड कण्हताही येत नाही. आज हिने बघितलं, उद्या हिच्या आईला कळेल, परवा सगळ्या गल्लीला कळेल, माझं काय कुठून बाहेर येतं ते."

"गल्लीला केव्हाचं माहीत आहे," काकू म्हणाल्या.



ऑपरेशनच्या दिवशी काकांचे डोळे नेहमीच्या वेळी उघडले. बेकरी बंद ठेवीन असा काकूंना शब्द दिला होता. पण कामगार येऊन उभे राहतील, त्यांना परत पाठवायला तर जायला हवं. गेले. गेल्यावर, आदल्या दिवशी मळून ठेवलेलं पीठ कसं फुगलंय ते बघायला हवं. बघितलं. इतकं सुरेख फुगलेलं पीठ फेकून द्यायचं का? भट्टी पेटली. अशा रीतीने बेकरी बंद ठेवण्याच्या दिवशी काका बाह्या सरसावून भट्टीपुढे उभे राहिले. फरक एवढाच की त्यांनी शटर अर्धंच वर केलं होतं. काकूंना दिलेला शब्द अर्धा तरी पाळला, असा त्यांचा हिशेब होता.

पावाची खेप बाहेर आली की काका एक पाव फोडतात. वाफ नाकाशी धरतात, कडेचा तुकडा तोडतात आणि डोळे मिटून चावतात. मग मऊपणा बघायला मधला तुकडा. मीठ बघायला आणखी एक. दुसऱ्या खेपेला तेच, तिसऱ्या खेपेला तेच, मग बिस्किटं. एवढं सगळं झाल्यावर काकूंनी खायला हाक मारली की काका म्हणतात, "आण काहीतरी, पहाटेपासून पोटात कण नाही." आणि हे ते अगदी मनापासून म्हणतात. खाणं म्हणजे हात धुऊन, बसून, ताटात वाढलेलं. भट्टीपुढे तोंडात जातं ते काम. कुठल्याही बेकरीवाल्याला विचारा, तो हेच सांगेल, आणि वर तुमच्याकडेच चमत्कारिक नजरेने बघेल. त्या दिवशीही काकांनी आपलं काम केलं, घरी येऊन आंघोळ केली आणि काकू उठायच्या आत दारात तयार होऊन बसले. मनात धाकधूक होतीच. समोरचाही असाच आंघोळ करून गेला असेल, असं त्यांना राहून राहून वाटत होतं.

इस्पितळात त्यांना मागून उघडा असलेला हिरवा अंगरखा घालायला दिला. काका भिंतीला पाठ लावून सरकत सरकत खाटेपर्यंत आले. भूल देणारे डॉक्टर तरुण होते, गोड बोलणारे होते, आणि काकांना हवे होते तसे अगदी परके होते.

"बाबा, रात्रीपासून काही खाल्लंय?"

"कणसुद्धा नाही."

"चहा, दूध, पाणी?"

"छे!"

"शाब्बास," असं म्हणून त्यांनी ते लिहून घेतलं. काकांना हा डॉक्टर फार आवडला. डॉक्टर असावा तर असा, असं त्यांनी काकूंना डोळ्यांनीच सांगितलं.

मग ती आली. डोक्याला टोपी, मास्क हनुवटीखाली. तिने कागद वाचला, काकांची नाडी बघितली, खांद्यावर हात ठेवला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "काका, आज पाव कसा झाला?"

काकांचा चेहरा खुलला. सकाळपासून सगळे नको नको ते विचारत होते, हा एकच प्रश्न उत्तर देण्यासारखा होता. "पहिल्या खेपेला मीठ जरा कमी वाटलं. पण दुसरी खेप म्हणशील तर अशी उतरली! वरून खुसखुशीत, आत नुसतं रेशीम. तिसरी थोडी जास्त भाजली."

"आणि बिस्किटं?"

"जिभेवर ठेवताच विरघळली बघ."

तिने टोपीची गाठ सोडली आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांकडे वळून म्हणाली, "यांचं आज नाही. पोट भरलेलं आहे."

काकूंनी कपाळाला हात लावला. काका ताडकन उठून बसले, अंगरखा कुठे उघडा आहे याचंही भान त्यांना राहिलं नाही. "मी काही खाल्लेलं नाही! चार लोकांत मला खोटारडा ठरवतेस? चाखून बघितलं फक्त. न चाखता माल विकायला मी काय..." पुढचं त्यांनी गिळलं, कारण ते तिच्या बापाविषयी होतं. "बेकरी बंद ठेवली नाही म्हणून राग काढतेस. समोरच्याचीच मुलगी तू!"

आपण तिला 'तू' म्हणतोय हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. तिने मात्र स्टूल ओढलं आणि त्यांच्या खाटेजवळ बसली.

"खोटारडे नाही म्हणत मी तुम्हाला," ती म्हणाली. "बाबांचं ऑपरेशन होतं त्या दिवशी पहाटे तुमचं शटर वर गेलं. बाबा अंथरुणातच होते. आईने मला नंतर सांगितलं. आवाज ऐकला आणि म्हणाले, समोरचा उघडतोय आणि मी लोळत पडू? खाली गेले. खेपा काढल्या, चाखल्या, आंघोळ केली आणि इस्पितळात गेले. डॉक्टर चांगले होते, काका. त्यांनी सगळं विचारलं. काही खाल्लंय का, हेही विचारलं. बाबा म्हणाले, कणसुद्धा नाही. भूल दिल्यावर पोटातलं वर आलं आणि फुप्फुसात गेलं." तिने सोडलेल्या टोपीची घडी घातली. "मी तेव्हा लांब होते, शिकत होते. जवळ असते तर त्या डॉक्टरांना सांगितलं असतं, बेकरीवाल्याला असं विचारून उपयोग नाही. बाबा खोटं बोलले नव्हते."

 इतकी वर्षं काका गल्लीभर सांगत आले होते की डॉक्टरांनी घालवला त्याला. त्या पहाटे आपलं शटर आधी वर गेलं म्हणून आपण मनातल्या मनात किती खूश झालो होतो, तेही त्यांना आठवलं. त्यांचे डोळे भरून आले. अंगरख्याला खिसा नव्हता आणि रुमाल घरच्या कपड्यांत राहिला होता, तेव्हा त्यांनी चादरीलाच डोळे पुसले.

"तो खोटं बोलणारा नव्हताच," ते म्हणाले. "अडमुठा होता. हेकट होता. पण खोटं, कधीच नाही."

"तुमचं शटर रोजच वर जायचं, काका. ते मनाला लावून घेऊ नका. फक्त परवा ऑपरेशनला याल तेव्हा बेकरी बंद ठेवा."

परवा बेकरी बंद राहिली. कामगारांना काकूंनी जातीने परत पाठवलं, आणि किल्ली रात्रभर स्वतःच्या उशाखाली ठेवली. काका पहाटेपासून घरात येरझाऱ्या घालत होते आणि त्यांच्या पोटात कावळे ओरडत होते. हे त्यांना नवीन होतं.

"अगं, माणसं रोज सकाळी अशीच असतात का?" त्यांनी विचारलं.

"हो," काकू म्हणाल्या. "मग ती खातात."

भूल देणाऱ्या डॉक्टरांनी या वेळी एका दमात विचारलं, "खाल्लंय? चाखलंय? भट्टीजवळ गेला होतात? खिशात बिस्किट?" काकांनी चारही वेळा मान हलवली आणि डोळे मिटले. ऑपरेशन साधं होतं, आणि ते साधंच झालं.

दुसऱ्या दिवशी ती फेरीवर आली तेव्हा काका उशीला टेकून बसले होते आणि कँटीनमधून आलेला पाव अंगठ्याने दाबून बघत होते. दाबलेला पाव परत वर येत नव्हता.

"हे कोण खातं?" त्यांनी विचारलं.

"आम्ही सगळे," ती म्हणाली. तिने टाके बघितले, पोत्याला हात लावाल तर याद राखा असं बजावलं, हसली आणि पुढच्या खाटेकडे निघाली.

"ऐक," काका म्हणाले.

ती थांबली.

"तो इस्पितळात गेला त्या दिवशी मी तुमच्याकडचा पाव आणवला होता. रोजच आणवायचो. कामगाराला मागच्या बाजूने पाठवायचो, त्याचं काय चाललंय ते कळायला नको का?" काकू बघतच राहिल्या, कारण ही गोष्ट त्यांच्यापासूनही लपवलेली होती. "तू नव्हतीस इथे. म्हणून म्हटलं, तुला सांगावं."

ती परत आली आणि हातातले कागद मांडीवर ठेवून खाटेच्या कडेला टेकली. "सांगा, काका."

मग काकांनी सांगितलं. त्या अख्ख्या इस्पितळात हे कळणारं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून काही हातचं न राखता सांगितलं. त्या दिवशी हवा गार होती, पीठ फुगायला मागत नव्हतं, त्यांचं स्वतःचं तर बसलंच होतं. त्याने कसं फुगवलं होतं देव जाणे. साल पातळ, पण फोडताना कुरकुर वाजणारी. आत जाळी बारीक आणि सगळीकडे सारखी, कुठे पोकळ नाही, कुठे घट्ट नाही. आणि मीठ असं, की मीठ आहे हे लक्षातच येऊ नये.

"मीठ बाबा सगळ्यात शेवटी घालायचे," ती म्हणाली. "पीठ अर्धं मळून झाल्यावर."

"अस्सं!" काका म्हणाले. तीस वर्षं ते याच्याच शोधात होते. "तरीच."

 काकांनी कँटीनचा पाव बाजूला ठेवला.

"माझ्यापेक्षा चांगला झाला होता," ते म्हणाले.

तिने चष्मा काढला आणि हाताच्या मागच्या बाजूने डोळे पुसले. पुढच्या खाटेवरचा माणूस केव्हाचा तिच्याकडे बघत होता. तो म्हणाला, "डॉक्टर, माझ्याकडे कधी येताय?"

"थांबा हो जरा," काका त्याला म्हणाले. "आमचं बोलणं चाललंय."